काटकसर कोणाच्या खर्चाने?

पुढल्या वर्षी जून-जुलैमध्ये ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यापासून त्या खंडाच्या थेट मध्यापर्यंत मोटारीने प्रवास करावा, असा आम्ही भावंडांनी संकल्प केला आहे. आम्ही दोघे, धाकटे बंधू आणि वहिनी असे चौघे. पुतण्या ॲडलेडला नोकरी करतो, म्हणून मुक्कामाचा प्रश्न आरंभी व शेवटी सुटलेला. उरते ती मधली वाट. गेले काही रविवार दुपारच्या जेवणानंतर वही आणि नकाशा घेऊन आम्ही बसतो. त्या बैठकीत जो प्रश्न उभा राहिला, तो वाचकांपुढे मांडावासा वाटतो.

देश अफाट आहे. क्षेत्रफळ सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या दुपटीहून मोठे; आणि लोकसंख्या तीन कोटींच्याही आत. ॲडलेडहून उलुरू या महापाषाणापर्यंतचे अंतर दीड हजार किलोमीटरहून अधिक. पोर्ट ऑगस्टा सोडले की स्टुअर्ट महामार्ग वाळवंटात शिरतो. ग्लेनडॅम्बो ते कूबर पीडी या सुमारे अडीचशे किलोमीटरच्या टप्प्यात पेट्रोल नाही, चहाची टपरी नाही. आकाश आणि तांबडी माती, एवढेच सोबतीला.

आमची पुंजी निवृत्तांची. तेव्हा वहीत पहिला शब्द लिहिला गेला तो 'काटकसर'. हा शब्द आम्हांला परका नाही. आमच्या आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन घरे उभी केली, मुलांना शिकविले. काटकसर नसती तर दूरचा प्रवास केवळ धनिकांच्याच वाट्याला आला असता. म्हणून तिला आम्ही सद्गुणच मानतो.

परंतु यादी वाढू लागली तशी शंका येऊ लागली. बंधूंचा बेत असा, की तांदूळ, डाळी, लोणची, पाव, सारे शहरातील मोठ्या दुकानातून भरून घ्यावे. पेट्रोलचे जादा डबेही घ्यावेत. वाटेवरच्या रोडहाऊसमध्ये महाग मिळते म्हणून तेथे काहीच घेऊ नये. मात्र तोंड धुणे, शौचालय आणि पाणी भरून घेणे तेथेच उरकावे. हिशेब चोख होता. वहिनी तोवर मुकाट्याने भाजी निवडीत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, उद्या गाडी बंद पडली तर मदत मागायला त्याच दारात जाल ना? आणि सगळ्यांनीच असं केलं तर ते दार उघडं राहील का?"

या प्रश्नाने आमची बैठक त्या दिवशी मोडली. कारण तो पैशाचा नव्हता, न्यायाचा होता.

रोडहाऊस म्हणजे पेट्रोलपंप, खाणावळ, मुक्कामाच्या चार खोल्या आणि अडल्यानडल्याचा आधार, सारे एकत्र. माल शेकडो किलोमीटरवरून ट्रकने येतो; अनेक ठिकाणी वीजही स्वतःच निर्माण करावी लागते. तेथील भाव चढे असतात ते बहुतांशी यामुळे. कूबर पीडीचेच पाहा. १९१५ साली तेथे ओपल हे रत्न सापडले आणि वस्ती झाली. उन्हाच्या काहिलीमुळे लोक जमिनीत घरे कोरून राहतात. संत पेत्र आणि संत पौल यांच्या नावाचे कॅथलिक चर्चही जमिनीखालीच आहे. त्या गावाचे पाणी सुमारे २४ किलोमीटरवरच्या खोल विंधणविहिरीतून आणून, त्यातील क्षार काढून, मग नळाला येते. अशा गावी फुकट भरून घेतलेली पाण्याची बाटली खरोखर फुकट असते काय? तिची किंमत कोणीतरी भरलेली असते. ती फक्त आपण भरलेली नसते.

यावर बंधूंचा आक्षेपही रास्त होता. व्यापारी तो व्यापारी. त्याचा धंदा चालविण्याची जबाबदारी गिऱ्हाइकावर कशी? स्वस्त मिळेल तेथे घेण्याचा अधिकार गरिबाला नाही काय? आहे, निश्चित आहे. धान्य शहरातून नेण्यात कसलाही अन्याय नाही. अन्याय तेथे सुरू होतो, जेथे आपण दुसऱ्याने राखलेली सोय वापरतो आणि ती राखण्याच्या भारातला आपला वाटा मात्र टाळतो. काटकसर म्हणजे स्वतःच्या सुखाला घातलेली कात्री. दुसऱ्याच्या पदराला लावलेली कात्री नव्हे. तिला फुकटेपणा हेच नाव शोभेल.

हे आम्हां वसईकरांना परके वाटू नये. रविवारी आमच्या किनाऱ्यावर लोक गाड्या भरभरून येतात. जेवण, पाणी, सारे घरून आणलेले असते. गावच्या बाईकडून शहाळे किंवा मूठभर भाजीही घेतली जात नाही. संध्याकाळी ते परततात तेव्हा मागे उरतात पत्रावळ्या, बाटल्या आणि गावकऱ्यांचा मनस्ताप. त्या वेळी आम्ही यजमान असतो आणि संतापतो. वहीत बेत आखताना मात्र आम्हीच ते पाहुणे होऊ पाहत होतो, हे ध्यानात आले नव्हते.

मग आम्ही वहीतील प्रत्येक ओळ त्याच कसोटीवर घासून पाहिली. रात्री गाडी हाकून दोन मुक्कामांचे भाडे वाचवावे, अशी एक ओळ होती. त्या रस्त्यावर संधिप्रकाशात आणि रात्री कांगारू, गुरे आडवी येतात. पन्नास मीटरहून लांब मालगाड्या ट्रकमागे जोडून धावतात. पेंगुळलेल्या चालकाची बचत समोरून येणाऱ्याच्या जिवावर होते. ती ओळ खोडली.

तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म होती. एवढा खर्च करून जायचे तर पैसे वसूल झाले पाहिजेत, हे आमचे सर्वांचेच वाक्य. उलुरूची कथा येथे आठवते. ३४८ मीटर उंचीचा तो पाषाण अनंगू लोकांना पवित्र. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी त्याची मालकी त्यांना परत मिळाली. यावर चढू नका, अशी विनंती ते वर्षानुवर्षे करीत होते; तरी लोक चढत राहिले. अखेर २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाईस बंदी झाली, तेव्हा त्यापूर्वीच्या काळात चढणाऱ्यांच्या रांगा लागल्या. इतक्या दूर आलो, इतका पैसा ओतला, आता वर गेल्याशिवाय कसे परतायचे? जणू प्रवासखर्चाने यजमानाच्या देवघरात पाय ठेवण्याचा हक्क विकत मिळतो! तिकीट आपल्याला दारापर्यंत नेते. आत किती जायचे ते घरच्या माणसांनीच सांगायचे असते. पायथ्याभोवती सुमारे दहा किलोमीटरची पायवाट आहे. ती चालण्यास कोणाची ना नाही. आम्हांला तेवढी पुरे.

नवी वही आता तयार आहे. धान्य शहरातूनच नेणार, स्वयंपाक आपला आपण करणार. परंतु जेथे थांबू, पाणी घेऊ, तेथे काही ना काही विकत घेऊ, आणि त्यासाठी रोजची वेगळी रक्कम धरली आहे. मुक्काम वाढले, साहजिकच बेरीज फुगली. ती जुळविण्यासाठी किंग्ज कॅनियन ही उलुरूहून सुमारे तीनशे किलोमीटरवरची सुंदर दरी आम्ही यादीतून वगळली. बंधूंना वाईट वाटले. खरे म्हणजे आम्हां सर्वांनाच वाटले.

पण खोडलेल्या त्या नावाकडे पाहताना वाटते, की आमच्या वहीतील ही पहिली खरी काटकसर. या वेळी वजा झाले ते आमच्याच वाट्यातून.