अभय योजनेची वाट पाहताना

मार्च महिना जवळ आला की आमच्या वसईच्या गावोगावी एकच प्रश्न कानी पडतो : "फादर, यंदा अभय योजना येणार का?" घरपट्टी थकलेली असते; महापालिकेने शास्ती माफ केली तर भरू, असा बेत असतो. हा बेत नीतीला धरून आहे काय, याचा विचार करू.

प्रथम हिशेब. महाराष्ट्रातील महानगरपालिकांत थकीत मालमत्ता करावर दरमहा २ टक्के शास्ती लागते. दहा हजारांचे देयक ५० महिने पडून राहिले की शास्ती मुद्दलाइतकी होते. शिवाय हा कर मालमत्तेवरचा पहिला बोजा असतो. घराबरोबर तोही मुलांच्या पदरी पडतो. तेव्हा रक्कम कमी व्हावी ही धडपड स्वाभाविक आहे, आणि तिच्यात गैर काही नाही. मोजमाप चुकले असेल, राहते घर दुकान म्हणून नोंदले असेल, तर मुदतीत हरकत घ्यावी. विधवेने, काम सुटलेल्याने शास्तीमाफीचा अर्ज खुशाल करावा. त्यात लाज कसली? पैसे चारून क्षेत्रफळ कमी लिहून घेणे ही वेगळी गोष्ट; तिच्याविषयी अधिक लिहायला नको.

अडचण आहे ती ऐपत असून थांबणाऱ्यांची. करविषयक कायदे केवळ दंडापुरते बंधनकारक, पकडले गेल्यास दंड भरावा, कर चुकवण्यात पाप नाही, असे मानणारे काही नीतिपंडित पूर्वी होते. सेमिनरीत आम्ही तो वाद अभ्यासला. चर्चने मात्र ती वाट धरली नाही. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने न्याय्य कर चुकवणाऱ्यांना दोष दिला आणि १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने कर भरणे हे नैतिक कर्तव्य ठरवले.

"आम्ही चुकवत नाही, फक्त थांबतो," असे उत्तर मिळते. त्यांनी जुन्या करारातील अनुवादाचा १५ वा अध्याय उघडावा. दर सातव्या वर्षी कर्जमाफी असे; ते वर्ष जवळ आले म्हणून गरिबाला उसने देताना हात आखडू नये, अशी ताकीद तेथे धनकोला दिली आहे. माफीचे वर्ष आधी ठाऊक असले की मन हिशेब करू लागते, हे शास्त्रकर्त्याने ओळखले होते. आज तोच हिशेब ऋणको करतो. दरम्यान गटारे, दिवाबत्ती, कचरा यांचा भार वेळेवर भरणाऱ्या शेजाऱ्यावर पडतो. पुष्कळदा तो निवृत्तिवेतनावर जगणारा शिक्षक असतो, आणि योजना आली तरी त्याला परत काही मिळत नाही.

आमच्याकडे सर्वांत अवघड प्रकरण आजोबांच्या नावावरील घराचे. एक भाऊ गावात, दुसरा आखातात, तिसरा कॅनडात. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. (पट्टीचा वाटा मागताना बहिणींची नावे बरोबर आठवतात, घराचा वाटा देताना आठवत नाहीत.) गावातल्याने एकट्याने भरली तर उद्या तो घर बळकावील, अशी धास्ती बाकीच्यांना असते. ती निराधार आहे; घरपट्टीच्या पावतीने कोणी मालक होत नाही. भरणाऱ्याने पावत्या जपाव्यात आणि प्रत्येकाकडे त्याचा हिस्सा मागावा. ज्यांच्याकडे मागितला, त्यांनी तो नाताळला घरी येईपर्यंत लांबवू नये.