फळावर हक्क कुणाचा?

गुंतवणूकदारासमोर बसलेल्या नव्या उद्योजकाला पहिल्या दहा मिनिटांत जो प्रश्न विचारला जातो, तो सरळसरळ फळाचा असतो. पाच वर्षांनी विक्री किती होईल? आमचे पैसे कितीपट होऊन परत येतील, आणि कधी? विचारणाऱ्याचे त्यात काही चुकत नाही. तोही दुसऱ्यांचेच पैसे सांभाळत असतो आणि त्यालाही कुणाला तरी उत्तर द्यायचे असते. पण समोरचा तरुण रत्नागिरीचा असेल, तर लहानपणापासून त्याच्या कानावर नेमके उलटे पडलेले असते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक त्याने शाळेत पाठ केलेला असतो, प्रवचनात ऐकलेला असतो आणि दहावीला मार्क कमी पडले तेव्हा आजोबांकडून पुन्हा एकदा ऐकलेला असतो. अधिकार कर्मावर, फळावर नाही. मग कोकम सरबताचा, काजू प्रक्रियेचा किंवा एखाद्या ॲपचा धंदा काढणाऱ्याने एक्सेलच्या तक्त्यात २०३० सालच्या नफ्याचा रकाना कोणत्या तोंडाने भरायचा?

प्रश्न थट्टेचा वाटेल. पण या श्लोकावर मराठीत सर्वांत गाजलेला युक्तिवाद ज्यांनी मांडला, ते याच गावचे. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. टिळक आळीतले ते घर आज स्मारक म्हणून जपलेले आहे. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढले आणि १९१५ साली ते छापून आले. या श्लोकाच्या चार चरणांना टिळक कर्मयोगाची चतुःसूत्री म्हणतात. लोकांच्या लक्षात राहतात ते पहिले दोन चरण. उरलेले दोन सोयीने विसरले जातात. तिसरा सांगतो, फळाच्या हेतूने कर्म करणारा होऊ नकोस. चौथा बजावतो, म्हणून कर्मच न करण्याच्या नादी लागू नकोस.

टिळकांचा सगळा भर या चौथ्या चरणावर आहे. फलाशा सोडणे म्हणजे फळाचा विचारच न करणे, असा अर्थ ते कुठेच काढत नाहीत. कशासाठी काम करायचे, त्याला काय साधने लागतील, परिणाम काय होईल, हे सगळे नीट जाणून घ्यायचे. सोडायची आहे ती ‘हे फळ मलाच आणि असेच मिळाले पाहिजे’ ही पकड. निष्काम माणूस हिशेबाला कच्चा असतो, हा समज बहुधा आळशी लोकांनी पसरवला असावा. टिळक स्वतः धंद्यात पडलेले गृहस्थ होते. लातूरला भागीदारीत जिनिंगचा कारखाना काढला, आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यानंतर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे त्यांवरच्या कर्जासह अंगावर घेतली. १९१४ साली ते सुटले तेव्हा ‘गीतारहस्या’च्या वह्या सरकारने ठेवून घेतल्या होत्या. त्या परत मिळाल्या नाहीत तर सगळे पुन्हा लिहून काढू, असे ते म्हणाल्याचे चरित्रांत येते. फळ हातचे गेले तरी कर्म पुन्हा करायची तयारी, हा त्या श्लोकाचा व्यवहारातला अर्थ.

एवढ्याने उद्योजकाचा प्रश्न मात्र सुटत नाही. टिळकांनी विचार केला तो कर्म करणाऱ्याचा. गुंतवणूकदाराची जागा बरोबर उलटी असते. त्याचा हक्क फळावर आहे, कर्मावर नाही. कारखान्यात यंत्र तो चालवत नाही, गिऱ्हाइकाच्या शिव्या तो खात नाही, पण पिकले की त्याचा वाटा ठरलेला. अशा माणसाचा धर्म कोणता?

शास्त्रकारांनी या माणसाकडे पाहिले होते, आणि बरेच बारकाईने पाहिले होते. कौटिल्याने ‘अर्थशास्त्रा’त व्याजाचे दर लावून दिले आहेत. साध्या कर्जाला दरमहा शेकडा सव्वा पण, व्यापाऱ्याला पाच, रानातून माल नेणाऱ्याला दहा आणि समुद्रावर जाणाऱ्याला वीस. यांतल्या फक्त पहिल्या दराला त्याने ‘धर्म्य’ म्हटले आहे, बाकीचे व्यवहाराचे. गलबत बुडण्याची भीती जितकी जास्त, तितका दर जास्त. आजच्या भाषेत याला जोखमीची किंमत म्हणतात. रत्नागिरीसारख्या बंदराला हा हिशेब कुणी शिकवायला नको. पुढे धर्मशास्त्राने दामदुपटीचा नियम घातला. व्याज कितीही साचो, एका वेळी वसूल करायचे ते मुद्दलाइतकेच. मुंबई उच्च न्यायालयानेही हिंदू ऋणकोंना हा नियम लावला.

पण कर्ज ते कर्जच. ते माणसाला चिकटते. हिंदू कायद्यात बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धार्मिक कर्तव्य मानले जाई. कर्ज अनैतिक कारणासाठी काढलेले असेल तेवढीच सूट. ही जबाबदारी कायद्याने काढून टाकली ती २००५च्या दुरुस्तीने, म्हणजे अगदी अलीकडे. बुडालेला धंदा मागे ठेवून गेलेल्या बापाची धास्ती मराठी घरांत अजून का टिकून आहे, हे यावरून कळावे. त्या तुलनेत मर्यादित जबाबदारीची कंपनी हा धर्मशास्त्राला न सुचलेला प्राणी आहे. ती कायद्याने व्यक्ती आहे, कर्ज काढते, बुडते, मरते, आणि तिला पुत्रही नसतो व पुनर्जन्मही.

भागीदारीचा विचार दुसऱ्या वाटेने आला. इस्लामने व्याज निषिद्ध ठरवले आणि त्याच्या जागी मुदारबा ठेवला. एकाचे भांडवल, दुसऱ्याचे श्रम, नफा ठरल्या प्रमाणात. धंदा बुडाला तर भांडवलवाल्याचा पैसा जातो आणि कष्ट करणाऱ्याचे कष्ट. फसवणूक किंवा हलगर्जी झाली नसेल, तर कुणी कुणाच्या घरावर जप्ती आणायची नाही. आजच्या व्हेंचर कॅपिटलचा नैतिक पाया याहून फार वेगळा नाही. किनाऱ्यावर तर ही रीत कुठल्याही ग्रंथावाचून चालत आली. रापणीच्या जाळ्याचे तुकडे वेगवेगळ्या घरांचे असतात. ओढून आणलेल्या मासळीत जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि ओढणाऱ्या हातांचा वाटा पडतो. मासळी लागली नाही तर सगळे रिकाम्या हाताने घरी जातात, हप्ता कुणी मागत नाही.

म्हणजे फळावर हक्क सांगणे हे मुळात पाप नाही. बिघडते कुठे, ते पाहायला रत्नागिरीच्या बागेत जावे.

हापूसच्या कलमाला हिशेबाने धरायला पाच-सात वर्षे लागतात, आणि त्यानंतरही ते एक वर्ष भरभरून, एक वर्ष हात आखडून धरते. विद्राव्य खत, तुडतुड्यांवरच्या फवारण्या, राखणदार, झेल्याने आंबे उतरवणारे गडी, लाकडी पेट्या, पेंढा, सगळा खर्च आधी आणि पैसे नंतर. म्हणून बागायतदार वाशीच्या बाजारातल्या दलालाकडून उचल घेतो. हंगामात पेट्या त्याच्याच गाळ्यावर पाठवाव्या लागतात. भाव काय लागला ते पट्टी हातात आल्यावर कळते, आणि पट्टीत आधी उचल वळती झालेली असते. उरेल ते बागायतदाराचे. गुंतवणुकीच्या करारनाम्यात ‘कंपनी विकली गेली तर आधी आमचे पैसे’ असे एक कलम असते. इंग्रजी करारात ते वाचून गडबडलेल्या तरुणाने घरी वडिलांना विचारावे. त्यांना ते ठाऊक असते.

दुसरी तऱ्हा कराराची. मालक मुंबईला, बाग इथे, म्हणून एक-दोन वर्षांच्या फळाचा हक्क कुणाला तरी विकून टाकायचा. करारदाराला फळ हवे, तेही लवकर. फेब्रुवारीत बाजारात गेलेल्या पेटीचा भाव मे महिन्यात मिळत नाही. त्यासाठी कल्टार आहे. पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टच्या सुमारास, हे औषध बुंध्याभोवती मातीत ओतले की पालवी आवरते, मोहोर लवकर येतो आणि वर्षाआड फळण्याची खोडही कमी होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने झाडाच्या विस्ताराप्रमाणे मात्रा मोजून, खतपाण्याची जोड देऊन ते वापरायला सांगितले आहे. मात्रा पाळली तर औषध चांगलेच आहे. पण ज्याचा संबंध यंदाच्या फळाशीच आहे, त्याचा हात मात्रेवर थांबेलच असे नाही. दोन वर्षे पेट्या मोजल्या जातात. तिसऱ्या वर्षी फांद्या आखूड, पाने गुच्छात, झाड दमलेले, आणि करारदार पुढच्या वाडीत.

गुंतवणूकदाराच्या धर्माचा प्रश्न इथे नेमका सापडतो. फळाची इच्छा धरण्यात दोष नाही. दोष आहे तो झाडाच्या आयुष्याशी देणेघेणे नसताना फळाची घाई करण्यात. ऑनलाइन शिकवणीच्या बायजूज कंपनीची किंमत २०२२ साली २२ अब्ज डॉलर लावली गेली होती आणि जुलै २०२४ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. मधल्या काळात ओतलेल्या पैशाला लोक वाढीचे इंधन म्हणत होते. कोकणी माणूस दुसरा शब्द वापरेल.

उलट उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असे शेतकरी म्हणत, आणि माल पडून राहिला. पुढे बेळगावातली कारखान्याची जागाही सोडावी लागली. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडलजवळचे बत्तीस एकर माळरान आणि कर्ज दिले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. या मदतीत धर्मादाय काही नव्हते. औंधला मंदिराच्या सभामंडपाचे काम किर्लोस्करांनी केलेले होते. राजाने माणसाचे कर्म आधी पाहिले, फळाचे गणित मागाहून. तळेगावच्या काच कारखान्याची कथा त्याहून विलक्षण. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा गोळा करायची कल्पना काढली, टिळकांनी ती उचलून धरली आणि या पैसा फंडातून १९०८ साली कारखाना सुरू झाला. तो चालवायला परदेशात काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय मिळाले. पैसा देणाऱ्याला कसलाही वाटा मिळणार नव्हता. निष्काम गुंतवणूकदार शोधायचाच झाला तर तो तिथे सापडतो. मात्र अशा पैशावर सगळा देश चालणार नाही, हेही खरे.

उद्योजकाकडेही दोष जातोच. धंदा बुडत असताना ‘आपण कर्म करत राहायचे’ म्हणत शेवटचा रुपया जाळणारे बरेच असतात. गीतेचा हा वापर सोयीचा आहे. दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब दर महिन्याला, वाईट बातमीसकट देणे हाच इथे कर्माचा भाग. कामगारांचे पगार आणि पुरवठादारांची देणी भागतील एवढे पैसे हातात असताना दुकान बंद करणे याला अकर्म म्हणता येत नाही.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. रत्नागिरीतल्या बहुतेक नव्या धंद्यांना असल्या गुंतवणूकदाराची गरजच नाही. त्याचे गणित वेगळे असते. दहा कंपन्यांतल्या बऱ्याचशा बुडणार हे धरून उरलेल्या एक-दोघींनी सगळा फंड भरून काढावा, अशी त्याची अपेक्षा असते. आंबा पोळी, फणसाचे गरे, कोकम आगळ यांचा धंदा दरवर्षी थोडाथोडा वाढून तीन पिढ्या घर चालवू शकतो, पण दहा वर्षांत पैसा पन्नासपट करू शकत नाही. त्याला बँक बरी. २०२० साली आलेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान ठेवले होते, तेही बँकेच्या कर्जाला जोडून. अडते ते सातबाऱ्यावर. वडिलोपार्जित जमिनीच्या उताऱ्यावर पंचवीस-तीस नावे, त्यांतली निम्मी मुंबईत, काही हयात नाहीत, आणि मॅनेजर सगळ्यांची संमती मागतो. वाटणीचे ते काम धंदा सुरू करण्याच्या आधीच हाती घ्यावे.

ज्यांना बाहेरचे भांडवल खरोखरच हवे आहे, त्यांनी करारावर सही करण्यापूर्वी गुंतवणूकदाराला किंमत किती लावता हे जरूर विचारावे. पण त्याआधी, त्याचा फंड कोणत्या वर्षी सुरू झाला आणि कोणत्या वर्षी बंद होणार, हे विचारावे. असे फंड साधारण आठ ते दहा वर्षांचे असतात. सातव्या वर्षी आलेल्या पैशाला दोन-तीन वर्षांत बाहेर पडायचे असते, आणि तुमच्या धंद्याला फळ धरायला पाच लागणार असतील, तर तो पैसा कितीही मिळो, घेऊ नये.