शिक्षा की शिक्षण?

शास्त्रभाग : उत्पत्ती ३३:१२-१४, इफिसकरांस पत्र ६:१-४



आम्ही रायपूरची मराठी माणसे दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहतो. घरात मराठी, घराबाहेर हिंदी आणि छत्तीसगढी. हिंदीची व आपली लिपी एकच. पण शब्द कधी कधी मोठा चकवा देतात. येथे शाळेच्या भिंतीवर 'शिक्षा' हा शब्द रंगविलेला दिसतो. हिंदीत त्याचा अर्थ विद्या. आपल्या मराठीत मात्र दंड. महाराष्ट्रातून प्रथमच आलेले पाहुणे तो वाचून हसतात. मीही पुष्कळदा हसलो आहे. परंतु माझ्याच घरात एका मुलासाठी हे दोन अर्थ खरोखर एक झाले होते, आणि ते एक करणारा मीच होतो, हे कळल्यापासून मला हसू येत नाही.

आमच्या घरी रोज सायंकाळी कौटुंबिक उपासना होते. प्रत्येकाने पाळीपाळीने एकेक वचन मोठ्याने वाचावे, हा माझ्या वडिलांपासून चालत आलेला परिपाठ. थोरली मुलगी सहाव्या वर्षीच झरझर वाचू लागली. धाकटा मुलगा नऊ वर्षांचा झाला तरी ओळीओळीला ठेचकाळत असे. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत त्याची गफलत होई. पहिली वेलांटी लिहायची अक्षराआधी आणि उच्चारायची अक्षरानंतर, हे कोडे त्याला सुटत नसे. जोडाक्षर आले की तो थांबलाच. काल वाचलेला शब्द आज अनोळखी. एरवी बोलण्यात चुणचुणीत, सायकलची उतरलेली साखळी क्षणात चढविणारा. तेव्हा हा आळस आहे, असा निवाडा मी करून टाकला.

एकदा आमच्या घरी प्रार्थनासभा होती. मंडळीतील लोकांसमोर मी त्याला वाचावयास उभे केले. तो अडखळला. "ताईकडे बघ जरा!" असे म्हणून मी त्याला पुन्हा पहिल्यापासून वाचावयास लावले. कोणीतरी हसले. त्यानंतर उपासनेची वेळ झाली की त्याचे पोट दुखू लागे. एका रात्री त्याने आईला विचारले, "आई, मला वाचता येत नाही म्हणून देवबापपण रागावतो का गं?"

बंधुभगिनींनो, लेकराला देव 'बाप' आहे असे आपण शिकवितो. पण बाप म्हणजे काय, हे ते घरातल्या बापाकडे पाहून शिकते. माझ्या मुलाने माझा चेहरा पाहिला होता आणि तोच देवाला लावला होता.

पुढे तज्ज्ञांकडून तपासणी झाली, तेव्हा या अडचणीला नाव मिळाले : डिस्लेक्सिया. हा शब्द १८८० च्या दशकात रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रवैद्यांनी प्रथम वापरला. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. सारे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते. म्हणजे ही गोष्ट शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. अक्षर आणि त्याचा ध्वनी यांची सांगड मेंदूत सहजी बसत नाही, हे तिचे मूळ. बुद्धी कमी नसते, डोळे अधू नसतात, मूल आळशीही नसते. आपल्या महाराष्ट्रात १९९६ मध्ये डिस्लेक्सियासाठी कार्य करणारी संस्था मुंबईत स्थापन झाली. २००७ च्या 'तारे जमीन पर' या चित्रपटाने हा विषय घरोघरी नेला. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेस मान्यता दिली. हे सारे असताना मी माझ्या घरात अंधारात होतो.

या प्रसंगी शास्त्राने मला तीन गोष्टी शिकविल्या.

पहिली, दोषी शोधू नये. डिस्लेक्सिया पुष्कळदा घराण्यात चालत येतो. हे ऐकताच घरात कुजबुज सुरू झाली : कोणाकडून आले? मला माझे काका आठवले. चौथीतून शाळा सुटलेले, पण सुतारकामात नावाजलेले. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनीही हेच विचारले होते, की पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? (योहान ९:१-३). प्रभूने तो प्रश्नच मोडीत काढला आणि या जीवनात देवाचे कार्य दिसावयाचे आहे, याकडे त्यांची दृष्टी वळविली. आईबापांनी एकमेकांना बोल लावण्यात घालविलेली रात्र लेकराच्या काही उपयोगी पडत नाही.

दुसरी, लेकराच्या पावलाने चालावे. एसाव याकोबाला म्हणतो, चल, बरोबर जाऊ. याकोब नम्रपणे नकार देतो. मुले कोवळी आहेत, तू पुढे हो, मी त्यांच्या चालीने सावकाश येईन, असा त्याच्या उत्तराचा भाव आहे. त्याच्या मनात भावाविषयी थोडी धास्तीही असेल. तरी हा याकोब कोण, ते आठवा. भावाची टाच धरून जन्मलेला, आयुष्यभर पुढचे स्थान मिळविण्यासाठी धडपडलेला! तोच आता लेकरांसाठी मागे राहावयास तयार आहे. आपल्याला मुलाचा पहिला नंबर हवा असतो तो मुलासाठी की स्वतःच्या मानासाठी, हे प्रत्येक पित्याने गुडघे टेकून तपासावे.

तिसरी, आधार देण्यात कमीपणा नाही. मोशेने आपली जीभ जड असल्याची अडचण देवापुढे मांडली (निर्गम ४:१०-१६). देवाने त्याचे पाचारण मागे घेतले नाही, आणि त्याची जीभही त्या क्षणी पालटली नाही. बोलावयास अहरोन दिला. परीक्षेत मिळणारा जादा वेळ, उत्तरे लिहून देणारा लेखनिक, हे आपल्या लेकरांचे अहरोन होत. त्या सवलती मागण्यास लाजू नका. मूल आठ वर्षांच्या आसपास असूनही वाचनात सतत मागे पडत असेल, तर शिक्षकांशी बोला, मोठ्या सरकारी रुग्णालयात चौकशी करा, रीतसर तपासणी करून घ्या. घरी रोज थोडाच वेळ, ध्वनी आणि अक्षर जोडून, परातीतल्या रव्यात बोटाने गिरवून सराव घ्या. आणि दिवसातील काही वेळ असा राखा की ज्यात पुस्तक नाही, केवळ तुम्ही आणि तुमचे लेकरू.

पौल बापांना दटावतो की मुलांना चिरडीस आणू नका. कलस्सैकरांस लिहिताना तो कारणही देतो, की ती खचतील (३:२१). इफिसकरांस पत्रात मुलांच्या संगोपनासाठी त्याने वापरलेला ग्रीक शब्द 'पैदेया' असा आहे. शिस्त, वळण आणि शिक्षण हे सारे त्यात येते. पण त्या शब्दाच्या मुळाशी 'मूल' आहे. मूलच नजरेआड झाले की शिक्षणाची शिक्षा होते, मग भाषा कोणतीही असो.

मी मुलाची क्षमा मागितली. बापाने लेकरापुढे हात जोडणे सोपे नव्हते. पण ज्याला क्षमा मागता येत नाही, त्याने क्षमेचा उपदेश कसा करावा? आता उपासनेत मी वाचतो आणि तो ऐकतो. प्रकटीकरणाच्या आरंभी वाचणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांनाही धन्य म्हटले आहे (१:३), हे मी त्याला दाखविले. गेल्या महिन्यात हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत ऐकून त्याने तो आपल्या शब्दांत सांगितला आणि विचारले, "बाबा, ते मेंढरू मागे राहिलं म्हणून मेंढपाळानं त्याला मारलं नाही ना?" मी म्हणालो, "नाही रे बाळा. खांद्यावर घेतलं."

तो आजही सावकाश वाचतो. कदाचित पुढेही सावकाशच वाचील. पण उपासनेच्या वेळी त्याचे पोट आता दुखत नाही.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, आम्ही आमच्या मानासाठी लेकरांना दमविले, त्याची आम्हांला क्षमा कर. त्यांच्या पावलाने चालण्याची सहनशीलता आम्हांस दे. आमचा चेहरा पाहून त्यांना तुझे भय नव्हे, तर तुझी ओढ वाटो. येशूच्या नावाने मागतो. आमेन.