भिडू कोण होणार?

बौद्धिक दिव्यांग मुलांना खेळांतून सहानुभूती शिकवता येईल काय, असे नाहूरच्या एका मातेने आम्हांला विचारले.

1985 साली सायमन बॅरन-कोहेन व सहकाऱ्यांनी बाहुल्यांचा एक खेळ मांडला. एक बाहुली टोपलीत गोटी ठेवून बाहेर जाते. दुसरी ती पेटीत दडवते. पहिली परतल्यावर गोटी कोठे शोधील? डाऊन सिंड्रोम असलेल्या 14 मुलांपैकी 12 जणांनी टोपलीच दाखवली. दुसऱ्याच्या मनातले त्यांनी ओळखले होते.

ओळखणे म्हणजे कळवळा नव्हे, हे खरे. आपली पाळी येईतो थांबणे, चित्रातील चेहऱ्यावरून दुःख जाणणे, हे खेळांतून सावकाश शिकवावेच. शिवडीच्या जय वकील संस्थेसारख्या, 1944 पासून चाललेल्या कार्याची साक्ष आपल्यापुढे आहेच.

परंतु खेळाला भिडू लागतो. मिस्सानंतर मंदिराच्या आवारात मुले खेळतात, तेव्हा त्या मातेचा मुलगा फाटकाशी उभा असतो. आम्हीही त्याचा प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकार 'समज येऊ दे' म्हणून वर्षभर लांबवला. आज त्याची खंत वाटते. बालकांना जवळ घेताना प्रभूने त्यांची परीक्षा घेतली नव्हती.

म्हणून त्या मातेला आमचे उत्तर असे: अवश्य शिकवा. आणि येत्या रविवारी आपल्या मुलांपैकी कोणी त्याला खेळात घेतो का, हे आपण सर्वांनी पाहावे. सहानुभूतीचा पहिला धडा आपल्यालाच गिरवायचा आहे.