बांधलेली जीभ

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हजेरीच्या मशीनशेजारी पत्र्याची एक पेटी टांगली आहे. वर ‘कन्फेशन बॉक्स’ आणि खाली मराठीत : आपली चूक कबूल करा, नाव गुप्त राहील. माल रिजेक्ट का होतो हे कळावं म्हणून एचआरने काढलेली ही शक्कल. पेटीच्या बरोबर वर कॅमेरा आहे. तो चोरीसाठी आहे म्हणे. तिथल्या एका ओळखीच्या ऑपरेटरला विचारलं, कुणी चिठ्ठ्या टाकतं का? तो म्हणाला, “नाव लिवायचं न्हाई म्हनं. आन अक्षर काय भाड्यानं आनू? शिफ्टला आमी अकरा जनं.” तरी काही चिठ्ठ्या निघाल्या. झाडून सगळ्या दुसऱ्यांच्या चुकांच्या. पेटीची किल्ली ज्या टेबलाच्या खणात असते, इन्क्रिमेंटची यादीही त्याच खणात असते.

तिकडे शहरात कॉलेजांच्या नावाने इन्स्टाग्रामवर ‘कन्फेशन’ची पानं चालतात. कुणी कुणावर मनातल्या मनात मरतो इथपासून अमुक वर्गातल्या निळ्या स्कूटीवालीचं काय चाललंय इथपर्यंत सगळं तिथे ‘कबूल’ होतं. कबूल करणारा अज्ञात आणि स्कूटीवाली मात्र साऱ्या कॉलेजला ठाऊक.

नाव झाकलं की गुप्तता झाली, ही समजूत दोन्हीकडे एकच. ती कॅथलिक चर्चकडून उचलली आहे, असंही दोघांना वाटतं. यात त्यांचा फार दोष नाही. सोलापूर जिल्हा कॅथलिकांच्या पुणे धर्मप्रांतात येत असला तरी इथे ख्रिस्ती म्हटलं की अमेरिकन मराठी मिशनमुळे आधी प्रॉटेस्टंट आठवतात, आणि फादरच्या कानात पापनिवेदन करण्याची रीत त्यांच्यात नाही. मग उरतं ते सिनेमातलं ज्ञान : लाकडी खोपटं, जाळी, अंधार, पलीकडे न दिसणारा माणूस. त्या खोपट्यावरून चर्चने गुप्ततेचा शोध खोपट्यात लावला असा निष्कर्ष निघतो. तो चुकीचा आहे, आणि त्या चुकीची किंमत आज भलतेच लोक मोजत आहेत.

आधीची शतकं वादाची नाहीत, भराभर सांगतो. सुरुवातीच्या चर्चमध्ये खून, व्यभिचार, धर्मत्याग अशा मोठ्या पापांचं प्रायश्चित्त चारचौघांत होई. सम्राट थिओडोसिअसलासुद्धा ३९० साली थेस्सलोनिकीच्या कत्तलीबद्दल मिलानच्या अँब्रोजने हे करायला लावलं. इटलीतल्या काही भागांत पापांची लेखी यादी सभेत वाचून दाखवण्याची पद्धत पडली होती. पोप पहिला लिओ याने ४५९ मध्ये ती बंद केली. लोक लाजेने किंवा शत्रूंच्या भीतीने प्रायश्चित्तालाच येईनासे होतील, हे त्याचं कारण. पुढे आयरिश मठवाल्यांनी एकाने एकालाच सांगण्याची आणि पुन्हा पुन्हा सांगता येण्याची रीत युरोपभर नेली. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती माणसाला वर्षातून एकदा तरी पापनिवेदन बंधनकारक केलं, आणि त्याच कलमात ऐकणाऱ्यालाही बांधलं : शब्दाने, खुणेने किंवा इतर कुठल्याही मार्गाने पापी माणूस उघड करणाऱ्या पाद्र्याचं पद जाईल आणि उरलेला जन्म कडक मठात प्रायश्चित्त करण्यात जाईल.

आपल्याकडे प्रायश्चित्त सभेपुढचं, आणि ते कसं बिनसतं हे पुण्याने १८९० च्या चहाच्या प्रकरणात पाहिलं. पंचहौद मिशनमधला चहा रानडे-टिळकांनी घेतला की नुसता समोर ठेवला गेला, यावर पुष्कळ शाई गेली. मला त्या प्रकरणातला खरा माणूस वाटतो तो गोपाळराव जोशी. बोलावणारे तेच आणि हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणणारेही तेच. स्वतःचं काही न सांगता दुसऱ्यांचं कबूल करणारे हे गृहस्थ आज असते तर त्यांनी एखादं कन्फेशनचं पान उत्तम चालवलं असतं.

आता खोपट्याकडे येतो, कारण सगळा घोटाळा तिथे आहे.

१२१५ नंतर साडेतीनशे वर्षं ऐकणाऱ्याच्या जिभेवरची ही गुप्ततेची मोहोर पक्की होती आणि खोपटं मात्र नव्हतं. पाद्री चर्चमध्ये, बहुधा वेदीजवळ, खुर्चीत बसे. सांगणारा त्याच्या पायाशी किंवा बाजूला गुडघे टेकी. पाद्री नजर दुसरीकडे ठेवी. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात तर रांग लागे आणि मागचे लोक थोड्याच अंतरावर उभे असत. म्हणजे कुणी सांगितलं, कुणाला सांगितलं, किती वेळ सांगितलं, हे गावाला दिसे. ऐकू जायचं ते एकालाच, आणि त्याची जीभ बांधलेली. एवढ्यावर साडेतीन शतकं भागलं.

मग लाकूडकाम कशाला? मिलानचा आर्चबिशप कार्लो बोरोमेओ याने १५६५ च्या प्रांतिक सभेपासून मध्ये आडोसा घालायचा आग्रह धरला आणि १५७७ मध्ये चर्चच्या बांधकाम-सामानावर सूचनांचं एक पुस्तकच काढलं. त्यात या आसनाची मापं सुताराला द्यावी तशी दिली आहेत. पाद्री आणि सांगणारा यांच्यामध्ये फळी, फळीत खिडकी, खिडकीला बारीक भोकांचा लोखंडी पत्रा आणि त्यावर पातळ कापड. आवाज जावा, हात जाऊ नये. हा सगळा खटाटोप पापाच्या गुप्ततेसाठी नव्हता, तर पाद्र्याच्या हातांसाठी होता. पापनिवेदनाच्या निमित्ताने बायकांना नादी लावणाऱ्या पाद्र्यांच्या तक्रारी इतक्या झाल्या होत्या की १५६१ मध्ये पोप चौथा पायस याने स्पेनमधले असे खटले थेट इन्क्विझिशनकडे सोपवले, आणि १६२२ मध्ये पंधराव्या ग्रेगरीने तो नियम सगळ्या कॅथलिक जगाला लावला.

१६१४ चा रोमन विधिग्रंथ पाहिला तर शंका उरत नाही. पापनिवेदनाचं आसन चर्चमध्येच असावं, उघड्यावर असावं, सहज नजरेला पडेल अशा जागी असावं, आणि मध्ये जाळी असावी, असं तो सांगतो. अंधारा कोपरा शोधा असं कुठेही नाही. १९१७ ची धर्मसंहिता आणखी स्पष्ट आहे. पुरुषांचं पापनिवेदन खाजगी घरातही ऐकायला तिची हरकत नाही. बाईचं मात्र आजारपण किंवा तशीच निकड नसेल तर त्या आसनाबाहेर ऐकायचं नाही, आणि ते आसन उघड, दिसेल अशाच जागी हवं. गुप्ततेसाठीच खोपटं असतं तर पुरुषांना त्याची गरज नव्हती असं म्हणावं लागेल. १९७३ च्या नव्या विधीने समोरासमोर बसायची मुभा दिली. तरीही १९८३ च्या संहितेत जाळीचं आसन उघड्या जागी ठेवण्याचा नियम कायम राहिला.

दारं आणि पडदे नंतर आले. जाळीमुळे चेहरा झाकला जाणं हा लाभही हळूहळू लोकांच्या लक्षात आला. लाजऱ्या माणसाला तो हवासा वाटला आणि चर्चनेही त्याला नाही म्हटलं नाही. पण तो लाभ म्हणजे मूळ कल्पना नव्हे. गावातल्या फादरला आवाज ओळखू येणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

या रचनेत पाहणारे सगळे आणि ऐकणारा एक. इन्स्टाग्रामच्या पानावर ऐकणारे सगळे आणि दिसणारा कुणीच नाही. एकाची दुसऱ्याशी तुलना करणारे नेमकं हे उलटेपण विसरतात.

बांधलेल्या जिभेचं दुसरं अंग कारखानदारांनी वाचण्यासारखं आहे. न बोलणं एवढ्याने भागत नाही, कळलेलं वापरायचंही नाही. आठव्या क्लेमेंट पोपने १५९३ मध्ये मठाधिकाऱ्यांना बजावलं की पापनिवेदनात कळलेली गोष्ट कारभारात वापरू नका. आजच्या संहितेतही ते आहे. सेमिनरीच्या रेक्टरने आपल्याच आवारातल्या विद्यार्थ्यांचं पापनिवेदन एरवी ऐकू नये, असंही आहे. ज्याच्या हाती बढती आहे त्याने कबुली ऐकू नये, इतकी साधी अक्कल चर्चला चारशे वर्षांपूर्वी सुचली. चुकून कानावर पडलं तर त्या तिऱ्हाइतावरही बंधन आहे. मध्ये दुभाषा असेल तर त्याच्यावरही. मिशनऱ्यांच्या पहिल्या पिढ्यांना कोकणी-तमिळ येत नव्हतं तेव्हा हा प्रश्न पुस्तकी नव्हता. मिशनरी एन्रीक एन्रीकेशने तमिळमध्ये पापनिवेदनाचं पुस्तक रचून १५८० मध्ये छापलं, ते उगाच नाही.

गोव्याचं नाव निघालं की मराठी वाचक लगेच इन्क्विझिशन काढतो, आणि काढावंच. फक्त पापनिवेदन आणि इन्क्विझिशनपुढचा कबुलीजबाब एक समजू नये. शार्ल देलाँ या फ्रेंच डॉक्टरची हकीकत अ. का. प्रियोळकरांच्या १९६१ च्या ग्रंथामुळे आपल्याकडे पोचली. त्याला दमणला पकडलं, वसईच्या तुरुंगात ठेवलं, १६७४ मध्ये गोव्याला आणलं. न्यायासनापुढे त्याला आरोप सांगितला नाही. काय केलंस ते तूच आठव आणि कबूल कर, म्हणाले. शेजारी लेखनिक लिहून घेत होता. १६७६ च्या जानेवारीत त्याला शिक्षा सुनावली. सक्ती, कागद आणि शिक्षा : ज्या तीन गोष्टी पापनिवेदनात चालत नाहीत त्या तिन्ही इथे होत्या. कबुली हे सत्तेचं हत्यार आहे असं तत्त्वज्ञ फुकोने म्हटलं ते या टेबलाला तंतोतंत लागू पडतं. जाळीशेजारच्या खुर्चीला निम्मंच. निम्मं म्हणतो, कारण पाखंडाच्या पापाला क्षमा करण्याचा अधिकार साध्या पाद्र्याकडे नसे आणि तो माणसाला इन्क्विझिशनकडेच जायला सांगे. पाद्री स्वतः नाव कळवत नव्हता, पण दार दाखवत होता. चर्चचे वकील हा भाग गाळतात.

आपला कायदा या जिभेला ओळखत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याने वकील-अशिलातलं आणि नवरा-बायकोतलं बोलणं राखलं. धर्मगुरू त्या यादीत नाही, डॉक्टरही नाही. उलट कलम २९ सांगतं की गुप्ततेचं वचन देऊन काढलेली कबुली तेवढ्याच कारणाने पुराव्यातून बाद होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष्य अधिनियमातही हे तत्त्व तसंच आलं. ‘नाव गुप्त राहील’ असं पत्र्यावर रंगवण्याआधी एखाद्या एचआरने हे वाचलं असेल असं मला वाटत नाही.

२०१८ मध्ये केरळात मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चच्या काही पाद्र्यांवर आरोप झाला की एका विवाहितेच्या पापनिवेदनातली माहिती वापरून त्यांनी तिचं शोषण केलं. राष्ट्रीय महिला आयोगाच्या तेव्हाच्या अध्यक्षा रेखा शर्मा यांनी ही प्रथाच बंद करण्याची शिफारस केली. मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी तिला धर्मस्वातंत्र्यावरचा घाला म्हटलं. दोघंही मुद्द्याच्या कडेने गेले. आरोप गुप्तता पाळल्याचा नव्हता, मोडल्याचा होता. आणि मोहोर त्या बाईच्या तोंडावर कधीच नव्हती. सांगणारा आपलं बोलणं कुणालाही, पोलिसांनाही, सांगायला मोकळा असतो. बांधलेला असतो तो ऐकणारा. कितीतरी बायकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. चर्चने स्वतःहून ओरडून सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही.

यंत्राला कानच नाहीत म्हणून ते सुरक्षित, हा नवा भ्रम. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लुसर्नच्या एका चॅपलमध्ये पापनिवेदनाच्या खोपट्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचा बोलका येशू प्रयोगादाखल बसवला. हे पापनिवेदन नव्हे आणि खाजगी माहिती देऊ नका, असं आयोजकांनीच लोकांना सांगितलं. त्यांना निदान कळत होतं.

खरी अडचण माझ्या बाजूच्या युक्तिवादातही आहे, आणि ती पोक्सोची. २०१२ च्या या कायद्याचं कलम १९ मुलावरच्या अत्याचाराची माहिती असलेल्या कुठल्याही व्यक्तीला कळवायला सांगतं. फादरसाठी सूट नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. व्हॅटिकनने २०१९ मध्ये काढलेल्या टिपणात मोहोर अबाधित ठेवली. गुन्हेगाराने पोलिसांकडे जावं ही क्षमेची अटही घालता येणार नाही, असं म्हटलं. हे मला पटत नाही. खरा पश्चात्ताप हवा म्हणता, मग पोलीस ठाण्याची पायरी त्यात का नसावी?

पण त्याच टिपणात अत्याचार सोसलेली व्यक्ती जाळीपलीकडे असेल तर तिला तिचे हक्क आणि कायद्याचे मार्ग सांगावेत, असंही आहे. जाणते फादर याहून एक पाऊल पुढे जातात. विधी संपल्यावर बाहेर बाकावर बसून हेच मला पुन्हा सांगशील का, असं ते त्या मुलाला विचारतात. बाकावर सांगितलेल्या गोष्टीला मोहोर नसते. मग फादर मुलासोबत आईबापांकडे, पोलिसांकडे जाऊ शकतो, नव्हे त्याला जावंच लागतं. मूल नको म्हणालं तर फादर अडकतो, हे खरं. पण ज्याने विचारलंच नाही आणि नंतर मोहोरेच्या आड उभा राहिला, त्याच्यावर कलम २१ चालवायला माझी काही हरकत नाही.