पट कुणी घालवला?

गाळ्यांचा ठराव जिल्हा परिषदेच्या सभेत मंजूर झाला. गावातल्या जिल्हा परिषद प्रशालेच्या मैदानाची रस्त्याकडची बाजू जाणार आणि तिथे व्यापारी संकुल उभं राहणार. इमारत जुनी झाली, निधी येत नाही, भाड्यातून शाळेचाच खर्च भागेल, ही कारणंही सभेत सांगितली गेली. ती राहू देत. मला संताप आला तो एका वाक्याचा: ‘‘तसाही शाळेला पट कुठे आहे?’’

पट नाही? ज्या गावात दर हंगामाला नवी शेतं एनए होऊन प्लॉट पडतात, एमआयडीसीतल्या कामगाराला भाड्याने खोली मिळत नाही, त्या गावात मुलं नाहीत? गणिताच्या सरांची बदली झाली, जागा भरली नाही, तेव्हा पट उतरला. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नव्हतं, तेव्हा उतरला. पट उतरला म्हणून संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, पद गेलं, पद गेलं म्हणून आणखी पालक दाखले काढून घेऊन गेले. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने तर सहावी ते आठवीचा पट वीसच्या आत आला की शिक्षकाचं पदच नाही, असं ठरवलं. विहिरीचा दोर कापून टाकायचा आणि पाणी शेंदायला कुणी येत नाही म्हणून विहीर बुजवायची, असा हा कारभार आहे. आणि सभेत ‘पट कुठे आहे’ म्हणणाऱ्यांत खासगी शाळांचे संस्थाचालक होते. त्यांच्या पिवळ्या बस रोज सकाळी प्रशालेच्या दारावरूनच जातात. पट कुठे गेला, हे त्यांनी तरी विचारू नये.

त्या दारावर सध्या वाढदिवसाचा फ्लेक्स आहे. शाळेचं नाव त्याच्यामागे झाकलं गेलंय. फ्लेक्सबद्दल मी या सदरात पुन्हा पुन्हा लिहितो, आणि तो उतरेपर्यंत लिहीत राहीन. शाळेच्या दारात शाळेचंच नाव दिसावं, एवढी साधी मागणी आहे.

आणि ही शाळा मुळात कुणाची? पश्चिम महाराष्ट्रात हायस्कुलं उभी केली ती बहुतेक शिक्षणसंस्थांनी. कर्मवीरांची रयत 1919 ची. मराठवाड्यात निजामाच्या राज्यात तसं जाळं उभं राहिलं नाही. इथली सरकारी हायस्कुलं जिल्हा परिषदा आल्यावर, 1962 नंतर, त्यांच्याकडे गेली. शाळा आणि तिची जमीन अशी लोकांकडे आली. आजच्या सभागृहाच्या हाती ती फक्त सांभाळायला दिलेली आहे.

प्रशालेत आज कोण शिकतं? ऊसतोडीला गेलेल्यांची मागे राहिलेली मुलं, हॉटेलात भांडी घासणाऱ्या बायकांची मुलं, अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासवर खेड्यांतून एसटीने येणाऱ्या मुली. शिक्षणहक्क कायदा चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत साथ देतो. नववीत त्या मुलीच्या बाजूने कायदा उभा नसतो, फी भरायला घरात पैसा नसतो. तिच्याकडे ही प्रशालाच असते. प्रशाला बंद पडली तर तिचं लग्न ठरतं. हे मी वाढवून सांगत नाही, तालुक्यातल्या कुठल्याही शिक्षिकेला विचारा.

2015 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने सरकारी पगार घेणाऱ्यांची मुलं सरकारी प्राथमिक शाळेतच शिकली पाहिजेत, असा आदेश दिला होता. तो वाचून मला तेव्हा आनंद झाला होता. आता वाटतं, आपलं मूल कुठे घालायचं हे ज्याचं त्याने ठरवावं, तिथे सक्ती नको. पण ज्यांच्या घरातलं एकही मूल प्रशालेच्या बाकावर बसत नाही, त्यांनी तिच्या मैदानाचं काय करायचं ते ठरवू नये. आधी त्या एसटीने येणाऱ्या मुलींच्या आयांना बोलवा, त्यांच्यासमोर ठराव वाचून दाखवा.

त्या बोलावल्या जातील, अशी आशा मला नाही. पण गाळ्यांचा लिलाव होईल तेव्हा मी तिथे हजर असणार आहे, आणि कोणता गाळा कुणाच्या मेव्हण्याला गेला ते याच सदरात छापणार आहे.