आधी कुणाची वेळ?

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिका आपली घड्याळं एक तास मागे घेते. कॅलिफोर्नियाच्या टीमचा सकाळी नऊचा कॉल उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेनऊला असतो, तो आता साडेदहाला सरकतो. त्याच सुमारास आमच्या निफाड तालुक्यात थंडी उतरते. काही पहाटे पारा ५ अंशांच्या आसपास जातो. कॉल संपवून साडेअकराला झोपायचं आणि पाचला धारेला बसायचं, कारण डेअरीवर दूध घालायची वेळ कुणी मागे घेतलेली नसते.

"चांगला जॉब आहे, मग गायी कशाला?" असं मित्र विचारतात. त्यांना हा पैशाचा प्रश्न वाटतो. मला वाटतं, प्रश्न असा आहे: कुणाची गरज थांबू शकते आणि कुणाची नाही?

ऑफिसची डेडलाइन माणसांनी आपसात ठरवलेली असते. माणसं बोलून ती पुढे ढकलतात, आमच्याकडे तर दर स्प्रिंटला. वासराचं तसं नसतं. जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारी प्रथिनं जवळपास नसतातच. ती चिकातून मिळतात, आणि ती शोषून घेण्याची आतड्याची ताकद तासातासाने घटत साधारण २४ तासांत संपते. (चीक म्हटलं की आपल्याला खरवस आठवतो, पण पहिला हक्क वासराचा.) थंडीत ओलं वासरू गारठलं की उभं राहत नाही, चोखत नाही. त्याला पुसून कोरडं करायचं, खाली भुसा टाकायचा, वाऱ्याच्या बाजूला गोणपाट बांधायचं. यातलं काहीच उद्यावर टाकता येत नाही.

म्हणून गोठा तेवढा खरा आणि ऑफिस खोटं, हे मात्र मला पटत नाही. पेंडीचं पोतं माझ्या पगारातून येतं. शिवाय गायीची ही निकड निव्वळ निसर्गाची नाही. आमच्या दोन्ही गायी होल्स्टीन संकरित. वासराला लागतं त्याच्या कितीतरी पट दूध माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्या कासेत आणलं. धार चुकली की कास तटतटते, दगडी व्हायची भीती असते. तिला आपल्यावर अवलंबून आपणच केलं. मग तिला "माझी मीटिंग आहे" असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

आणि गाय व्यायला आणि रिलीजला एकच रात्र सापडली तर? तेव्हा आई उठते. "तू कर तुझं, मी बघते." गावात माझं कौतुक होतं की पोरगा दोन्ही सांभाळतो. त्या हिशेबात आईचे तास कुणी धरत नाही. तिचे गुडघे दुखतात. गाय विकू म्हटलं तर म्हणते, "अरे, मग सकाळी उठून मी करू काय?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. तिची दगदग कमी करायची म्हणून तिचं कामच काढून घ्यायचा अधिकार मला आहे का, तेही कळत नाही.

दुसरी गाय जानेवारीत व्यायची आहे. २८० दिवसांचा हिशेब चार-आठ दिवस इकडेतिकडे होतो, तरी आमच्या रिलीजच्या तारखेपेक्षा भरवशाचा. त्या आठवड्याची रजा आत्ताच टाकलीय. कारणाच्या रकान्यात लिहिलंय, घरी बाळंतपण आहे.